पायवाटेकडच्या तीन ओळी

१० नोव्हेंबर

काल सभागृहात मी जिंकले, असं मला रात्रभर वाटत होतं. सकाळी माळीबुवांनी दोन वाक्यांत माझं विमान खाली उतरवलं.

टेकडीतून काढलेल्या नव्या रस्त्याविरुद्ध मी सव्वा वर्ष बोलत राहिले आणि हरले. टेकडीचा अर्धा उतार सुरुंगांनी उडवला. त्यावरची सेज या रानटी सुगंधी वनस्पतीची झुडपं, जी आमच्या आजीच्या आधीपासून त्या खडकांतून उगवत होती, खडीबरोबर ट्रकमध्ये भरून गेली. उरलेला अर्धा उतार ट्रकच्या चाकांनी बोडका झाला. आता हार्डवेअर दुकानाचे मालक, म्हणजे आमचे हार्डवेअरवाले, म्हणतात, जागा नाहीतरी मोकळीच आहे, तिथे वाहनतळ करा. कालची सभा त्यासाठीच होती.

नगरपालिकेच्या रोपवाटिकेत माळीबुवांकडे सेजची शंभर रोपं आहेत. रस्त्याची मोजणी सुरू झाली त्याच आठवड्यात ते कोणाला न सांगता टेकडीवर गेले, फांद्यांचे तुकडे कापून आणले आणि वाळूत रुजवले. मी भाषणं करत होते तेव्हा ते हे करत होते. या टेकडीवरच्या सेजचं आता जगात तेवढंच उरलं आहे.

तर काल मी उभी राहिले आणि म्हणाले, "ही शंभर रोपं त्याच उतारावर लावू द्या. उन्हाळ्याच्या शेवटच्या आठवड्यात, दगड फुटेल अशा उन्हात, या आणि मोजा! शंभरातली साठ जिवंत नसतील तर खुशाल तिथे गाड्या लावा!" टाळ्या थांबेनात. नगरपालिकेच्या अध्यक्षबाईंनी जागच्या जागी ठराव लिहून घेतला: अठ्ठावीस मे, तिघांची समिती मोजणार, साठ जिवंत तर उतार कायमचा राखीव, नाहीतर वाहनतळ. जबाबदार व्यक्ती म्हणून माळीबुवांची सही.

आज सकाळी माझं वाचनालय उघडण्याआधी मी त्यांना पेपर द्यायला गेले. ते कुंड्या मोजत होते.

"बाई, एवढं बोललात ते झकास. फक्त महिना मला विचारायचा होतात."

"का? काय झालं?"

"ही उन्हाळ्यात झोपते. पानं टाकते, काड्या होतात. मेच्या शेवटाला तिच्याइतकं मेलेलं दुसरं काही दिसत नाही. फेब्रुवारी म्हणाला असतात तर फुलं मोजून दाखवली असती."

"मग काल तोंड का नाही उघडलंत?"

"तुम्ही श्वास घ्यायला थांबलात तेव्हा टाळ्या चालू होत्या."

घरी येऊन धाकट्या बहिणीला सांगितलं. ती शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "ताई, तुला तोफ म्हणतात ते उगाच नाही. तोफ कुठे बघते गोळा कुठे पडतोय ते?"

'दगड फुटेल अशा उन्हात' हे वाक्य मला बोलता बोलता सुचलं होतं. त्यात फेब्रुवारी बसत नव्हता. हे मी इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे कबूल करणार नाही.

१८ नोव्हेंबर

लावणी झाली. एकूण आठ ओळी. खडक आडवे आले म्हणून काहींत बारा रोपं, काहींत तेरा. पहिल्या तीन ओळी पायवाटेला अगदी लागून आहेत.

मी घरून खताचं पोतं नेलं होतं. माळीबुवांनी आभार मानले आणि त्यावर बसून डबा खाल्ला.

"घालायचं नाही?"

"खत मिळालं की ही लाडावते. भराभर वाढते नि कोलमडते. हिला खडी लागते, ऊन लागतं, आणि माणसं जरा लांब लागतात."

शेवटचं वाक्य म्हणताना ते धाकटीकडे बघून हसले. धाकटी चहाची किटली घेऊन एवढा चढ चढून आली होती. गुडघे दुखतात म्हणून ती वाचनालयाच्या सहा पायऱ्या चढत नाही. मोकळ्या हवेचा परिणाम असावा.

६ जानेवारी

हिवाळ्यातला पाऊस दोनदा येऊन गेला. रोपं वीतभर वाढली. पानं पांढरट करडी, जाडसर, हाताला लोकरीसारखी. एक पान चुरगाळून वास घेतला. कापूर, मिरी आणि नुकतंच कापलेलं लाकूड, असं काहीतरी. बोटांना दिवसभर तो वास राहिला. वाचनालयात एक गृहस्थ विचारत होते, नवीन पुस्तकं आलीत का, काय सुंदर वास येतोय.

२२ फेब्रुवारी

फुलं! पहिल्याच वर्षी! मी मोजली: त्रेचाळीस झुडपांना तुरे आले आहेत. देठाभोवती गोल कडं, मग थोडा मोकळा देठ, मग पुन्हा कडं, एकावर एक मजले चढवल्यासारखी. निळा की जांभळा, यावर धाकटीचं आणि माझं वाजलं. तिने शेवटी दोऱ्याची रिळं नेऊन शेजारी धरली. एकही जुळलं नाही.

मधमाश्या इतक्या की उतार गुणगुणतोय. त्या पायवाटेवर हार्डवेअरवाले उभे होते. मी तयारीतच होते, पण ते साधेपणाने म्हणाले, "छान आहेत हो फुलं. खरंच छान आहेत." आणि मग, "मेमध्ये भेटूच."

१६ मार्च

माळीबुवांनी आज मला समोर बसवून नियम सांगितला. लहान मुलाला सांगावा तसा, दोनदा. "उन्हाळ्यात पाणी महिन्यातून एकदा, पहाटे, माती गार असताना. आणि ते मी घालणार. बाकी कोणी नाही. तापलेल्या मातीत पाणी गेलं की मुळं सडतात."

"मी कशाला घालीन?"

"तुम्ही घालाल असं कुठे म्हणालो?"

"बाकी कोणी म्हणजे आणखी कोण येतं तिथे?"

त्यांनी जरा विचार केला. "धाकट्या बाई येतात. पण त्या नाही घालणार."

४ एप्रिल

पानं गळायला लागली. राहिली ती आक्रसून कडेने वळली आहेत. तुरे वाळून तपकिरी झाले. मी वाचनालयातली झाडांवरची सगळी पुस्तकं काढली. तीन पुस्तकांत सेजचा उल्लेख आहे. एक म्हणतं, पाण्याने मरते. दुसरं म्हणतं, पहिल्या उन्हाळ्यात पाण्याशिवाय मरते. तिसऱ्याने मटण शिजवताना ती केव्हा घालावी ते सांगितलं आहे.

आयुष्यभर मी लोकांना सांगत आले, वाचा, म्हणजे कळेल.

११ एप्रिल

आज दुपारी उतारावर गेले. शंभर काटक्यांच्या जुड्या रोवून ठेवल्यासारख्या दिसतात. पायवाटेने जाणाऱ्या दोघी बोलत होत्या, "अगं, मेली की सगळी." दुसरी म्हणाली, "उगाच भांडली ती तोफ."

माळीबुवांना जाऊन सांगितलं. "झोपलीय," एवढंच म्हणाले.

झोपलेलं माणूस श्वास तरी घेतं! यांना काय कळतं, हे मला कळत नाही. सही त्यांची असली तरी शब्द माझा आहे. उतार गेला तर लोक म्हणणार, तोफेने घालवला. आणि खरं तेच असेल.

१२ एप्रिल

मी पाणी घातलं.

वाचनालय बाराला बंद होतं, चारला पुन्हा उघडतं. दीड वाजता उतारावर चिटपाखरू नसतं. पायथ्याला रस्त्याच्या कामासाठी बसवलेला नळ आहे. झारी शाळेजवळच्या दुकानातून नवी घेतली, कारण घरची धाकटीच्या डोळ्यासमोर असते. शंभरांना पाणी घालणं मला एकटीला शक्य नाही, म्हणून पायवाटेकडच्या तीन ओळी घेतल्या. समितीला आधी त्याच दिसणार. छत्तीस झुडपं. माती पाणी पिताना चर्र असा आवाज करते. किती तहानलेली होती!

समोर अन्याय होत असताना गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही.

१५ एप्रिल

आजही. अकरा खेपा. खांदा धरला आहे. धाकटी म्हणाली, "वाचनालयात काय पुस्तकांची मारामारी झाली का?" मी म्हटलं, वरच्या फळीवरचे खंड काढले. खोटं बोलणं वाईट, पण चांगल्या कामासाठी आहे.

२५ एप्रिल

विजय!! पहिल्या तीन ओळींना नवी पालवी फुटली आहे. मऊ, हिरवीगार, करडेपणाचा मागमूस नाही. मागच्या पाच ओळी तशाच काटक्या. म्हणजे कोणाचं बरोबर होतं ते स्पष्ट आहे. माळीबुवांना मी अजून बोलले नाही. माणूस चांगला आहे, त्याचा अपमान करायचा नाही. अठ्ठावीस तारखेनंतर हळूच सांगेन.

आता रोज घालते आहे.

३ मे

नळाची चावी चोरीला गेली! नळ आहे, चावी नाही. नुसता दांडा. मी चिमट्याने फिरवून पाहिला, माझा रुमाल गुंडाळून पाहिला, ढिम्म नाही. दीड वाजताच्या उन्हात त्या दांड्याशी झुंजताना मला कोणी पाहिलं नाही हे नशीब.

एका पितळी चावीचं कोणाला काय मिळणार? मला हार्डवेअरवाल्यांचा दाट संशय आहे. त्यांच्या दुकानात अशा शंभर चाव्या असतात, म्हणजे चावीची किंमत त्यांनाच कळते.

घरी येऊन संतापाने सांगितलं. "अगं, टेकडीवर गेले होते सहज, तर नळाला चावीच नाही!" धाकटी सुईत दोरा ओवत होती. म्हणाली, "अरेरे." आणि मग बराच वेळ तिला तो दोरा ओवता आला नाही. खाली मान घालून तिचे खांदे हलत होते. नजर कमी झाली आहे तिची. चष्मा बदलायला हवा.

५ मे

घरून दोन बाटल्या भरून न्यायचं ठरवलं. निघताना धाकटीचा गुडघा अचानक धरला. डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, काही नाही.

६ मे

आज निघताना धाकटीला ब्लाउजच्या बाह्या कापायच्या होत्या आणि कापड धरायला माणूस हवं होतं. साडेतीन वाजेपर्यंत कापड धरून बसले.

७ मे

आज धाकटीला घेरी आल्यासारखं वाटलं. मी तिच्याजवळ थांबले. सरबत करून दिलं. छान प्यायली. एरवी ही बाई ताप आला तरी कोणाला जवळ येऊ देत नाही. वय झालं की माणसाला सोबत लागते, हे मी समजून घेतलं पाहिजे.

१३ मे

दहा दिवसांनी उतारावर पोहोचले. माझ्या ओळी काळ्या पडल्या आहेत. पानं गळलीसुद्धा नाहीत, जागच्या जागी लोंबताहेत, उकडल्यासारखी. बुंध्याशी साल काळी आणि मऊ.

हे त्या चोरामुळे झालं. रोजचं पाणी एकदम तुटलं. कोवळ्या जिवांना कसं सोसेल? मागच्या पाच ओळी काड्याच आहेत, त्यांना निदान सवय होती.

मी माळीबुवांकडे गेले. तीन वेळा तोंड उघडलं आणि शेवटी म्हटलं, "पुढच्या ओळी गेल्या वाटतं."

"पाहिल्या मी."

"आता?"

"आता काही नाही. मागच्यांना कोणी हात लावला नाही तर बरं."

त्यांनी मला बसायला स्टूल दिलं. एरवी देत नाहीत, मी बसले की उठत नाही म्हणून.

२१ मे

मुदतवाढीचा अर्ज लिहिला. चार पानं. निसर्गाचं कालमान आणि प्रशासनाचं कालमान यांवर त्यात एक परिच्छेद चांगला उतरला होता. माळीबुवांना सहीसाठी दिला. त्यांनी पूर्ण वाचला, घडी घातली, परत दिला.

"तारीख आपण दिली. त्यांनी मागितली नव्हती."

"मी दिली! तुम्ही कुठे दिलीत?"

"सही माझी आहे, बाई."

मग त्यांनी विचारलं, धाकट्या बाईंचा गुडघा कसा आहे. मी म्हटलं, हल्ली तऱ्हेवाईक झाला आहे, माझी बाहेर पडायची वेळ झाली की दुखतो. ते म्हणाले, जपा त्यांना.

२७ मे

उद्या. जेवण गेलं नाही. उद्यासाठी काय बोलायचं त्याचे मुद्दे काढायला बसले होते. कागद कोरा आहे. काटक्यांच्या बाजूने काय बोलणार?

२८ मे

उशीर झाला आहे. तरी आजच लिहिते.

नऊ वाजता सगळे जमलो. समितीत तिघे: अध्यक्षबाई, नगरपालिकेचे इंजिनिअर आणि हार्डवेअरवाले. बाजूला माळीबुवा, मी, धाकटी. पायवाटेवर बघे.

इंजिनिअर एकदा उतारभर नजर फिरवून म्हणाले, "मोजायचं काय? शून्य. लिहू?"

मी तोंड उघडलं आणि काही आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

माळीबुवा पुढे झाले. मागच्या ओळीतल्या एका झुडपाची काडी धरली, नखाने साल जराशी खरवडली आणि बाजूला झाले. करड्या सालीखाली कोवळ्या शेंगेसारखा हिरवा रंग होता. ओला.

"झोपलीय," ते म्हणाले. "मेलेली खरवडली की आत तपकिरी लागते. कोरडी. तुम्हीच बघा, माझं नख नको."

इंजिनिअर म्हणाले, "आत हिरवं म्हणजे जिवंत, असं ठरावात कुठे लिहिलंय?"

अध्यक्षबाई वाकून बघत होत्या. "मग वरून करडं म्हणजे मेलेलं, असं तरी कुठे लिहिलंय? शंभर आहेत ना? शंभर खरवडू."

"या उन्हात?"

"'दगड फुटेल अशा उन्हात' असंच ठरलंय," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. मला धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

हार्डवेअरवाल्यांनी बाह्या सरसावल्या. "बाजूला व्हा. मी खरवडतो. नंतर कोणी म्हणायला नको." आणि ते पायवाटेकडून, माझ्या ओळींपासून सुरू झाले.

तपकिरी. तपकिरी. काळं. तपकिरी. एक हिरवं. तपकिरी. बुंधे नुसत्या बोटाने मोडत होते आणि कुजका वास येत होता. माती वरून कोरडी होती. माळीबुवांनी एक झुडूप उपटून अध्यक्षबाईंना दाखवलं, मुळं काळी आणि बुळबुळीत. "पाणी जास्त झालं. झोपेत पाणी पाजलं की असं होतं."

तेव्हा मला कळलं. तिथे, सगळ्यांसमोर, छत्रीखाली उभी असताना. ती चर्र करणारी माती. ती हिरवीगार पालवी, जिला मी विजय म्हटलं होतं. पाणी तुटल्याने ती मेली नव्हती, मिळाल्याने मेली.

छत्तिसातली पाच जिवंत. एकतीस मेलेली.

"अजून दहा मेली की झालं," हार्डवेअरवाले म्हणाले. त्यांचा स्वर उत्साहाचा होता, हे नाकारत नाही.

इंजिनिअरनी वही वर केली. "याच ओळींत एवढं पाणी कसं?"

माळीबुवा म्हणाले, "माझी चूक."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी बघितलं नाही. इंजिनिअरनी लिहून घेतलं. मी बोलायला हवं होतं. स्वतःला सांगितलं की आत्ता बोलले तर सगळी मोजणीच रद्द होईल. हे खरं असेलही. पण मी गप्प बसले त्याचं कारण ते नव्हतं. मी भ्याले.

चौथी ओळ: बारापैकी अकरा हिरवी. पाचवी: एक मेलेलं. हार्डवेअरवाल्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता, पण दुसऱ्या कोणाला नख लावू देईनात. प्रत्येक काडीला ते मोठ्याने सांगत, "हिरवं," आणि बोटाचा वास घेत. सहावीत तीन मेलेली निघाली आणि धाकटीने माझा दंड इतका दाबला की वळ उठला आहे. सातवीत आणखी तीन. एकूण एकोणचाळीस. उरली एक ओळ, तेरा झुडपं. दोन मेली की उतार गेला.

फक्त हार्डवेअरवाल्यांचा आवाज. "हिरवं." चार पावलं. "हिरवं." नववं त्यांनी खरवडलं आणि थांबले. मी डोळे मिटले. "खालून बघतो," ते पुटपुटले. वरची काडी वाळकी होती. ते गुडघ्यांवर बसले, बुंध्यापाशी खरवडलं. कोणी त्यांना खाली बघायला सांगितलं नव्हतं. वरची तपकिरी काडी दाखवून ते उठू शकले असते.

"हिरवं आहे," ते म्हणाले.

मग दहा, अकरा, बारा. तेराव्याला त्यांनी नख लावलं आणि आधी स्वतःच सुस्कारा सोडला. "हिरवं. झाली एकसष्ट."

अध्यक्षबाई खडकावर बसल्या आणि हसत सुटल्या. पायवाटेवरून कोणीतरी शिट्टी मारली. धाकटी मला मिठी मारून रडली, मग चुकून, असं मला वाटतं, माळीबुवांनाही मारली. मी त्याच तापलेल्या खडीत बसकण मारली. चटके बसत होते आणि उठावंसं वाटत नव्हतं. उतार वाचला. वाचला!

हार्डवेअरवाले हिरव्या नखांनी घाम पुसत माझ्याजवळ आले. "बोला आता काहीतरी. एरवी बोलता."

मी मान हलवली. त्यांना वाटलं आनंदाने.

३१ मे

अहवाल नगरपालिकेच्या फळ्यावर लागला आहे. एकसष्ट जिवंत, उतार राखीव ठेवण्याची शिफारस. खाली एक ओळ: "एकतीस झुडपे जबाबदार माळ्याच्या निष्काळजीपणामुळे मृत, रोपवाटिकेचा कार्यभार अन्य व्यक्तीकडे देण्याचा विचार व्हावा."

ती ओळ मी चार वेळा वाचली.

माळीबुवांकडे गेले. म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं, पाणी कोणी घातलं."

"माती दुपारी ओली दिसली की कळतं."

"मग मला थांबवलं का नाहीत?"

ते खोकले. "थांबलं ना शेवटी."

"ते चोरामुळे!"

"तेच म्हणतो."

"आणि परवा माझी चूक कशाला म्हणालात?"

"बाई, तुमच्या बोलण्यावर हे गाव हलतं. उद्या आणखी काही वाचवायचं असेल तर तुमचा शब्द लागेल. माझं काय, मी कुठेही वाळूत काड्या खोचीन."

रागाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चाळीस वर्षं मी खऱ्याच्या बाजूने बोलते म्हणून मिरवते आणि माझा शब्द हा माणूस स्वतःच्या नोकरीवर टिकवणार!

७ जून

सभा. ठराव कायम करायचा होता. सभागृह गच्च. मी उठले तसे लोक खुर्चीत सावरून बसले, आता तासाची निश्चिंती म्हणून.

मी म्हणाले, "त्या एकतीस झुडपांना पाणी मी घातलं. रोज, दुपारी, चोरून, माळीबुवांनी दोनदा बजावलं असताना. त्यांनी एक थेंब जास्त घातला नाही. अहवालातली शेवटची ओळ खोटी आहे, ती काढा आणि तिथे माझं नाव लिहा."

एवढंच. अर्धं मिनिट झालं असेल. कोणालाच कळेना, संपलं की श्वास घेतेय. मागून एक म्हातारे ओरडले, "तोफ भिजली का हो?" आणि सभागृह फुटलं. हसले, चांगले खो खो हसले. मला वाटलं होतं, जीव जाईल. उलट पहिल्यांदा महिनाभरात छातीवरचा दगड सरकला.

हार्डवेअरवाले उभे राहिले. म्हणाले, "बाईंनी आणखी आठवडाभर पाणी घातलं असतं तर वाहनतळ झाला असता. माझ्या बाजूने एवढं काम आजवर कोणी केलं नाही. त्यांचे आभार." पुन्हा हशा. मग, बसता बसता, "ती ओळ काढा. माळी चांगला आहे."

ओळ काढली. उतार राखीव झाला. कायमचा. तसं लिहून, शिक्का मारून.

एक गोष्ट बोलल्याशिवाय मला राहवलं नाही. "आणि ज्या अज्ञात इसमाने नळाची चावी चोरली," मी म्हणाले, "तो चोर असला तरी त्याने उरलेल्या झुडपांचे प्राण वाचवले. त्याचे मी जाहीर आभार मानते!" माळीबुवांना खोकल्याची अशी उबळ आली की त्यांना बाहेर जावं लागलं. धाकटी त्यांच्यामागे पाणी घेऊन गेली आणि दोघं बराच वेळ आलीच नाहीत. त्या खोकल्याकडे कोणीतरी बघायला हवं.

९ ऑक्टोबर

पावसाळा सरला. एकसष्टच्या एकसष्ट झुडपं फुटली आहेत, त्याच करड्या, लोकरी पानांनी. आज माळीबुवांनी मला रोपवाटिकेत बोलावलं. मेलेल्या जागा भरायला नवी रोपं करायची आहेत, आणि ती मी करायची, असं त्यांचं म्हणणं.

टेकडीवरून फांद्या आणल्या. बोटभर तुकडे, खालची पानं काढायची, तिरका काप, ओलसर वाळूत दोन पेरं आत. माझे पहिले दहा त्यांनी उपटून पुन्हा लावायला लावले. चाळीस झाले तेव्हा माझी पाठ मोडली होती आणि बोटांना तो वास लागला होता. त्यांनी ट्रे सावलीत ठेवला, वर ओलं फडकं टाकलं.

"आता सहा आठवडे," ते म्हणाले.

"मी रोज येऊन काय करू?"

"काही नाही."

"फडकं ओलं करू?"

"ते मी करीन."

"मुळं फुटली का ते उचलून बघू?"

"बाई."

"मग मी करू तरी काय?"

"घरी जा."

मी घरी आले.